हाकेला ओ देणारी फळी

होटगी दोन आहेत. एक होटगी गाव आणि दुसरं होटगी स्टेशन. नवखा पाहुणा स्टेशनवर उतरतो, गाव कुठंय म्हणून विचारत बसतो आणि मग त्याला आणायला कुणाला तरी गाडी काढावी लागते. पण दोन्ही होटग्या धुंडाळल्या तरी समुद्र सापडायचा नाही. अरबी समुद्र इथून अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे, त्यात मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. पाणी म्हणाल तर होटगीचा तलाव आहे. त्यात लाट येते ती म्हशी उतरल्यावर, आणि तीही म्हशींच्या मर्जीने.

अशा गावात गेल्या नोव्हेंबरात मी रिक्षातून सर्फबोर्ड घेऊन उतरलो. सहा फूट दोन इंच लांब, चंदेरी पिशवीत गुंडाळलेला, रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. टपरीवर चार जण चहा पीत होते. त्यांनी तोंडातला घोट आधी गिळला, मग बोलायला सुरुवात केली.

"इस्त्रीचं टेबल हाय वाटतं."

"एवढं टोकदार? दाराचं पान असंल."

"नाही बे," तिसरा म्हणाला, "विमानाचा पंख हाय. हिथनं विमानं उडायलीत की आता. पडला असंल कुठंतरी, ह्यानं उचलून आणला."

तिसऱ्याचा अंदाज सगळ्यात चुकीचा होता, तरी तोच खऱ्याच्या सगळ्यात जवळ होता. या भानगडीच्या मुळाशी विमानच आहे.

पण आधी म्हशीचं सांगतो. 2010 ते 2013 अशी तीन वर्षं मी गोव्यात एका औषध कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. रविवारी सोबतचे लोक जे करायचे ते मला मानवत नव्हतं, म्हणून मी हरमलला जाऊन सर्फिंग शिकलो. हे वाक्य सासुरवाडीत मी आजवर तीनदा सांगितलंय. तिन्ही वेळा त्यांचा पहिल्या अर्ध्यावरच विश्वास बसला नाही, दुसऱ्या अर्ध्यापर्यंत कुणी आलंच नाही.

शिकाऊ माणसाला देतात ती फळी नऊ फुटी असते, वरून मऊ फोमची. माझी निळी होती आणि तिचं नाव मी म्हस ठेवलं होतं. म्हस बुडत नसे, उलटत नसे, रागावत नसे. मागून लाट आली की ती सरळ किनाऱ्याकडे निघे आणि वाळूला लागेपर्यंत थांबत नसे. वर मी उभा आहे, आडवा आहे की केव्हाच पाण्यात पडलो आहे, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. वळवायची झाली तर सगळा भार एका पायावर टाकायचा आणि अर्ज मंजूर व्हायची वाट बघायची. बहुतेक वेळा मंजुरीच्या आत किनारा यायचा.

उभं राहायला मात्र मला चौथ्याच रविवारी जमलं. शिकवणाऱ्या पोराला नवल वाटलं. त्याला काय माहीत, होटगीचं पोर मीटरगेजवर वाढलेलं असतं! सोलापूर–वाडीची मोठी लाइन आणि गदगकडे जाणारी छोटी लाइन आमच्या स्टेशनात भेटायच्या. आजोळ विजापूरला. त्या छोट्या गाडीच्या दाराशी आम्ही मामेभाऊ काही न धरता उभे राहायचो. इंडी यायच्या आत जो दांडी धरेल त्याने सगळ्यांना शेंगा द्यायच्या. गाडी आडवी डुलायची, उभी हादरायची आणि मध्येच उगाच दचकायची. गुडघे सैल ठेवायचे आणि नजर लांब ठेवायची, एवढंच त्यातलं शास्त्र. हरमलला याच दोन गोष्टींचे तासावर पैसे घेत होते.

मग लग्न झालं, सोलापुरात टॉवेलच्या धंद्यात हिशेब सांभाळायला लागलो, आणि बारा वर्षं समुद्र फक्त कॅलेंडरावर पाहिला.

आता विमान. होटगी रोडला विमानतळ होतं. नव्हतं ते विमान. आडवी येत होती साखर कारखान्याची नव्वद मीटरची चिमणी. ती पाडावी की ठेवावी यावर सोलापूरकरांनी इतकी वर्षं इतकं भांडून घेतलं, की दुसरा विषय निघाला तर लोकांना चुकल्यासारखं व्हायचं. 15 जून 2023 ला चिमणी पाडली. सप्टेंबर 2024 मध्ये विमानतळाचं उद्‌घाटन झालं. आणि 9 जून 2025 ला सोलापुरातून गोव्याला विमान सुरू झालं. त्या दिवशी कुणाला धंदा दिसला, कुणाला काजू दिसले, कुणाला जे दिसलं ते त्याने घरी सांगितलं नाही. मला म्हस दिसली. तासाभरात समुद्र! होटगीहून विजापूरला जायला याहून जास्त वेळ लागतो.

फक्त महिना जूनचा. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र पिसाळलेला असतो, किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात, आणि माझ्यासारख्याने तिकडे फिरकायचंही नसतं. म्हणजे चार महिने थांबणं आलं. थांबलेला माणूस आणि हातात मोबाइल, यातून जे होतं तेच झालं. दिवाळीपर्यंत मी फळ्यांमधला तज्ज्ञ झालो.

फळीला नाक असतं, शेपूट असते, पोटाला होडीसारखा बाक असतो. लांबी जितकी कमी, नाक जितकं निमुळतं, कडा जितक्या पातळ आणि बाक जितका जास्त, तितकी फळी चटकन वळते. शेपटीखाली पर असतात. पूर्वी एक असायचा, फार तर दोन. 1981 साली सायमन अँडरसन नावाच्या ऑस्ट्रेलियन गड्याने तीन पर लावलेली फळी घेऊन बेल्स बीचची स्पर्धा मारली आणि तेव्हापासून जग तीन परांचं झालं. हे सगळं मी जेवताना सांगितलं.

"भाकरी गार व्हायलीय," ही म्हणाली.

ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळ या कर्नाटकच्या तरुणाने कांस्यपदक पटकावलं. सर्फिंगमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक आशियाई पदक. हे ऐकून मामांनी पहिल्यांदा मान वर केली. "बुदिहाळ? म्हंजी आपल्याच कडंचा की." तेवढ्यावर माझ्या छंदाला घरात अर्धी मान्यता मिळाली. उरलेली अर्धी मी अगाथा ख्रिस्तीवर मिळवायला गेलो. ही तिच्या कादंबऱ्यांची भक्त. 1922 साली बाई नवऱ्याबरोबर जगप्रवासाला निघाल्या तेव्हा आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग होनोलुलूत त्या चक्क सर्फिंग करत होत्या, असं मी सांगितलं.

"नवऱ्याबरोबर?" हिने विचारलं. "पुढं काय झालं त्या नवऱ्याचं?"

"सहा वर्षांनी घटस्फोट."

"बघा."

मला म्हस पुन्हा नको होती. मला हवी होती लगेच ऐकणारी फळी. पायाचा अंगठा दाबला की डावीकडे, टाच दाबली की उजवीकडे. मुलीला समजावताना मी म्हटलं, "हाकेला ओ देणारी." आतून भांड्यांच्या आवाजावर आवाज आला, "आधी या घरात हाकेला ओ देणारं एक माणूस आणा. मग फळी आणा."

फळी लिटरवर घेतात, हे मला जुलैत कळलं. आपल्याकडे लिटरवर दूध येतं आणि पूर्वी रॉकेल यायचं. फळी किती जागा व्यापते, म्हणजे किती भार पेलून तरंगते, ते लिटरात सांगतात. साधारण हिशेब असा, की नवशिक्याला वजनाच्या किलोइतके लिटर द्यावेत, जास्तच झाले तर उत्तम. मुरलेल्या गड्याला वजनाच्या पस्तीस-चाळीस टक्के पुरतात. माणूस जितका तयार, तितकी फळी कमी. मोबाइलवर एक तक्ता होता. वजन भरा, वय भरा, आठवड्यातून किती वेळा पाण्यात उतरता ते भरा, तयारी किती ते भरा, की तो लिटर सांगतो.

वजन. गोवा सोडताना मी 61 किलोचा होतो. दवाखान्यातल्या काट्यावर आज 85 भरतो. आम्ही हिशेबातली माणसं. सरासरी काढली आणि 73 लिहिले. वय 47, पण तेही सरासरीच्या जवळपास नेऊन ठेवलं. आठवड्यातून किती वेळा? दोनदा. हे भविष्यकाळी होतं, पण तक्त्यात काळाचा रकाना नव्हता. तयारी : मध्यम.

उत्तर आलं, 36 लिटर.

खरं तर तो तक्ता मी भरलाच नव्हता. बारा वर्षांपूर्वी गोव्याहून निघालेल्या पोराने भरला होता. त्या तीन वर्षांत दीडशे तरी रविवार झाले असतील. त्यातल्या एकाच रविवारी, ऊन कलल्यावर, म्हशीने माझा अर्ज मंजूर केला होता. डावीकडे लांबलचक वळली होती, आणि लाटेची हिरवी भिंत माझ्या डाव्या हाताला अगदी खेटून चालली होती. मी बोटं लावली होती तिला. बाकीचे एकशे एकोणपन्नास रविवार मी मिठाच्या पाण्याने गुळण्या करत काढले, ते विसरलो. हा एक जपून ठेवला आणि त्याच्या मापाची फळी घ्यायला निघालो.

निघण्याआधी मामांकडे गेलो. मामा मळ्यात असतात, खिलार जोडी बाळगतात, आणि जित्राब सोडून कशावर मत देत नाहीत. मी त्यांना बैलाच्या भाषेत विचारलं. सुस्त पण भरवशाचा बरा, की इशाऱ्याला वळणारा?

"खोंड लई ऐकणारं असलं म्हंजी बरं असतं असं नाही," मामा म्हणाले. "त्याला तुझ्या मनातलं कळत नसतं. कासऱ्यातलं कळतं. तू शिंकलास, हात हलला, त्येला वाटतंय हुकूम झाला. निघालं बांधावरनं! जुना बैल बरा. तू काय बोललास त्यातलं ऐकायचं कुठलं, हे त्येला ठाव असतंय."

मामांनी तरुणपणी सिद्धेश्वरच्या यात्रेत नंदीध्वज पेललेला आहे. सोलापूरच्या गड्ड्याला सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते कमरेच्या पट्ट्यात रोवून अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला नेतात. तोल या विषयावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, तरी मी घातला. म्हटलं, ती काठी हलकी आणि आखूड केली असती तर पेलायला सोपी गेली असती ना?

"येडा का काय?" मामा म्हणाले. "आखूड काठी हातावर उभी करून बघ. फटदिशी पडती. उंच जड काठी सावकाश कलती, तेवढ्यात माणूस सावरतोय."

मला हे पुस्तकातूनही ठाऊक होतं. जुन्या हवाईत सगळ्यात लांब, सगळ्यात जड फळ्या सरदार-राजांसाठी राखलेल्या असत. आखूड फळ्या रयतेच्या. मोठी फळी हा तिकडे मान होता. हे मी मामांना सांगितलं नाही. फाइलमध्ये विरुद्ध जाणारा कागद असला तर तो सर्वात खाली ठेवायचा, एवढं बारा वर्षांत शिकलोय.

दिवाळी झाल्यावर गेलो. विमान होटगी रोडवरून उठलं तेव्हा खिडकीतून तलाव दिसतोय का बघत होतो. तो बघून होईपर्यंत खुर्चीचा पट्टा पुन्हा बांधायला सांगितलं.

फळी मिळाली मोरजीला, एका रशियन गृहस्थाकडे, वापरलेली. पांढरी, मध्ये नारिंगी रेघ, दोन ठिकाणी ठिगळ. हातात घेतली तर इतकी हलकी की काहीतरी काढून घेतलंय असं वाटावं. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं, मग पैशांकडे पाहिलं, आणि मोजून घेतले.

हरमलला नोव्हेंबरातल्या लाटा कमरेएवढ्या, आळशी, सुट्टीवर आल्यासारख्या. आखूड फळीला ढकलायला लाटेत जोर लागतो. कमी जोराच्या लाटेत वाहून न्यायचं काम फळीच्या लिटरांनी करायचं असतं. मी तर लिटर कमी करून आलो होतो. किनाऱ्यावर शिकवणाऱ्या एका पोराने ते क्षणात ओळखलं. "काका, ही तुम्हाला नेणार नाही. हिलाच तुम्हाला न्यावं लागेल."

मी तिच्यावर पालथा झालो आणि ती माझ्यासकट पाण्याखाली गेली. बुडाली नाही, छातीएवढ्या पाण्यात, नाराज होऊन, मध्येच कुठेतरी थांबली. लांबून पाहणाऱ्याला फळी दिसतच नसणार, नुसता एक टॉवेलच्या धंद्यातला हिशेबनीस दोन्ही हातांनी समुद्र उपसताना दिसत असणार. पहिली लाट आली आणि खालून निघून गेली. दुसरी, तिसरी, तशाच. चौथ्या लाटेला फळीचं नाक खाली गेलं आणि त्यामागोमाग माझं.

पाचवी मात्र बरोबर मागून आली. फळी उचलली गेली, पळायला लागली, मी तळवे टेकवले आणि उठलो. उठलो! उजवा पाय मध्यरेघेपासून चार बोटं बाहेर पडला होता, म्हशीच्या हे लक्षातही आलं नसतं. आणि तेवढ्यात मी एक चूक केली. आपल्याला कुणी बघतंय का, म्हणून मी किनाऱ्याकडे मान वळवली. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की कंबर, कंबर वळली की टाच दाबली जाते. फळीने ऐकलं. ताबडतोब ऐकलं, तंतोतंत ऐकलं, आणि किनाऱ्याकडे अशी गर्रकन वळली की मी मात्र सरळ पुढे गेलो. पायाला बांधलेल्या दोरीने तिला मागून ओढून आणलं, आणि तिने येताना माझ्या डोक्यात टपली मारली. मामांची शिंक मला पाण्याखाली आठवली.

म्हस बहिरी होती म्हणून माझं तीन वर्षं भागलं. तिने माझा एक योग्य हुकूम मानला, पण शेकडो चुकीचेही कानाआड केले होते. ही नारिंगी रेघेची काहीच सोडत नव्हती. पोट आत घेतलं तरी तिला कळत होतं.

संध्याकाळी त्या पोराकडून तासाभरासाठी आठ फुटी फोमची फळी भाड्याने घेतली. पहिल्याच लाटेला सरळ वाळूपर्यंत. उतरून मी तिच्या पाठीवर थाप मारली, जुनी सवय.

परत येताना पांढरी फळी विमानात घेतील का, हे विचारायचं धाडस झालं नाही, बसने आलो. क्लीनरने तिला सीट लागणार म्हणून हाफ तिकीट लावलं आणि वर विचारलं, "खिडकी पाहिजे का हिला?" सोमवारी कामावर एका फाइलवर वाकलो आणि नाकातून अचानक अरबी समुद्र टपकला, भर जीएसटीच्या आकड्यांवर. ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक आहे. पाणी दोन-दोन दिवस आत दबा धरून बसतं आणि वाकलं की निघतं. साहेबांना वाटलं मी हिशेब बघून रडतोय. त्यांनी तो आकडा पुन्हा तपासला.

घरी किंमत नऊ हजार सांगितली आहे. फळी आधी गच्चीवर ठेवली होती. पाय घसरू नये म्हणून तिला वरून मेण चोळतात. सोलापूरच्या मार्चात ते मेण तुपासारखं ओघळून पिशवीत जमा झालं. उन्हात फळीचं कातडं फुगून सुटतं असं वाचलं होतं, म्हणून पळत जाऊन खाली आणली. हिच्या डोळ्यांत कुरडयांचा विचार चमकून गेलेला मी पाहिला. पण फळीला बाक आहे, ओलं काही घातलं की ते घसरत मधोमध येतं. हिने एक घाणा घालून बघितला होता, हे मला मेणात अडकलेल्या चिकाच्या गोळ्यावरून कळलं.

हात तयार व्हावेत म्हणून हल्ली रविवारी पहाटे तिला होटगीच्या तलावात घालतो. लाट नसली तरी पालथं पडून वल्हवता येतं. मागच्या रविवारी तिथं एक मासेमार भेटला, थर्माकोलवर. थर्माकोलचे जाड तुकडे एकावर एक, वरून खताच्या पोत्याचं कापड, सुतळीने आवळून बांधलेलं. त्यावर तो मांडी घालून बसला होता, मागे जाळं, डबा आणि एक आठ-नऊ वर्षांचं पोरगं. माझ्यापाशी आला, फळीच्या कडेला बोटांनी दाबून पाहिलं.

"आत काय हाय?"

"थर्माकोल," मी म्हणालो. खोटं नव्हतं, माझ्या फळीच्या पोटात तेच आहे.

"किती बसली?"

"नऊ हजार." बाहेरही तीच किंमत सांगायची सवय लागलीय.

"माझं चारशे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग पुन्हा कडेवरून बोट फिरवलं. "एवढी पातळ कशाला केलीय मग?"

"लवकर वळावी म्हणून."

त्याने एकदा तलावाकडे पाहिलं. या काठापासून त्या काठापर्यंत, सावकाश.

"कुठं वळायचंय?"

मी काही बोलायच्या आत त्याने एक पंजा पाण्यात घातला. थर्माकोल जागच्या जागी फिरला आणि पोरासकट जाळ्याच्या दिशेने निघून गेला.